गॅस वाढवला, तशी रायफल जास्तच अडकू लागली: .308 सेमी-ऑटोमॅटिकच्या गॅस ब्लॉकचं प्रकरण

प्रकरण टेक्सासच्या हिल कंट्रीतलं आहे. रायफल एआर-10 धाटणीची, काडतूस .308 विंचेस्टर, 18 इंची नळी, मिड-लेंथ (मध्यम लांबीची) गॅस ट्यूब. बाराचा थोडा गॅस या ट्यूबमधून मागे येऊन पुढचं काडतूस आपोआप भरतो, आणि तो किती यायचा हे गॅस ब्लॉक ठरवतो. इथला ब्लॉक ॲडजस्टेबल, म्हणजे समोरून लांब ॲलन की घालून फिरवायचा. स्क्रू पूर्ण बंद केल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत 15 क्लिक. रायफलीला काम दोन: हिवाळ्यात व्हाइटटेल हरीण आणि बारा महिने रानडुकरं. टेक्सासात खासगी जमिनीवर जमीनमालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी 2019 पासून शिकारीचा परवाना लागत नाही. रात्रीही शिकार चालते. त्यामुळे कळपावर लागोपाठ दोन-तीन बार टाकता येणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली तिथल्या रँचांवर सर्रास दिसतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद झालं, त्यामुळे हे लिखाण मुख्यतः तिकडे राहून कायदेशीर शिकार करणाऱ्या मराठी वाचकांच्या कामाचं. यंत्र समजून घेण्यात रस असणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

घटनाक्रम असा. जुलैत, 36 अंशांच्या उन्हात, मालकाने रायफल रेंजवर नेली आणि 168 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या काडतुसांवर गॅस बसवला. नळी उघडी होती, सप्रेसर (बाराचा आवाज दाबणारं नळकांडं) अजून हातात आला नव्हता. स्क्रू 9 क्लिकवर ठेवला आणि रायफल बिनतक्रार चालली. शरद ऋतूत सप्रेसर आला, नळीच्या टोकाला बसला, पण गॅस ब्लॉकला कुणी हात लावला नाही. जानेवारीच्या रात्री, उणे 3 अंशांत, 150 ग्रेनची सॉफ्ट-पॉइंट (मऊ टोकाची) शिकारी काडतुसं भरून बाहेर पडल्यावर पहिला बार नीट झाला. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसता खटका वाजला. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) पुढे येऊन बंद झाला होता, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं होतं आणि काडतूस मॅगझिनमध्ये जागच्या जागी बसलं होतं.

मालकाचा तर्क वरवर सरळ होता: थंडी आहे, दाब कमी पडतोय, बोल्ट पुरता मागे जात नाही, म्हणून तो पुढचं काडतूस उचलत नाही. त्याने स्क्रू 12 क्लिकपर्यंत उघडला. त्यानंतर अडकणं वाढलं, आणि चौथ्या-पाचव्या बाराला एक पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं पितळी आवरण) चेंबरमध्येच राहिली. तिची रिम, म्हणजे बुडाची कड, एका बाजूने फाटली होती. मग संशय काडतुसांवर गेला, कारण पुंगळीच्या बुडावर चकचकीत ओरखडा होता आणि 'जास्त दाबाचं काडतूस' म्हटलं की तोच ओरखडा दाखवला जातो. नवी मॅगझिन घेतली, काडतुसांचा ब्रँड बदलला, बफरची जास्त ताठ स्प्रिंग मागवून बसवली. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे काय केल्याने काय झालं हे कळायची सोयच उरली नाही.

गॅस नेमकं काय करतो

गोळी नळीतून पुढे जाताना गॅसच्या छिद्रावरून जाते. मिड-लेंथमध्ये हे छिद्र बोल्टच्या तोंडापासून साधारण 10 इंचांवर असतं. गोळी छिद्र ओलांडते तिथपासून ती नळीबाहेर पडेपर्यंत छिद्राला पूर्ण दाबाचा गॅस मिळतो. 18 इंची नळीत हे उरलेलं अंतर 8 इंच. गोळी तोवर सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास धावत असते, म्हणजे ही वेळ सेकंदाच्या जेमतेम चार हजाराव्या भागाएवढी. तेवढ्यात जो गॅस ट्यूबमधून मागे येतो, तो कॅरिअरच्या (बोल्टला घेऊन मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) पोकळीत शिरून बोल्टमागे फुगतो आणि कॅरिअरला मागे ढकलतो. कॅरिअर थोडा सरकला की कॅम पिन बोल्टला फिरवते, बोल्टचे दाते सुटतात, एक्स्ट्रॅक्टर पुंगळीला रिमला धरून ओढतो आणि पुढे कॅरिअरला थोपवून परत ढकलणाऱ्या बफर-स्प्रिंगचं काम सुरू होतं.

सप्रेसर या हिशेबात दोन प्रकारे ढवळाढवळ करतो. गोळी नळीबाहेर पडली तरी दाब लगेच मोकळा होत नाही, कारण सप्रेसरच्या कप्प्यांत गॅस कोंडलेला असतो. आणि तो कोंडलेला गॅस नळीतून मागे येत राहतो. त्यामुळे छिद्राला जास्त वेळ दाब मिळतो, कॅरिअरवर जास्त जोर बसतो आणि तो ठरलेल्या वेळेआधी, ठरल्यापेक्षा वेगाने मागे सुटतो. उघड्या नळीला पुरणारे 9 क्लिक सप्रेसर लावल्यावर कितीतरी जास्त होतात. जुलैपासून जानेवारीपर्यंत स्क्रू हलला नव्हता, तरी गॅस मात्र वाढला होता.

आता फाटलेल्या रिमचं. बार उडताना पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं आणि पुंगळी सैल होते. बोल्ट वेळेवर उघडला तर एक्स्ट्रॅक्टर सैल झालेली पुंगळी ओढतो. गॅस जास्त असेल तर बोल्ट लवकर फिरतो, पुंगळी अजून भिंतीला चिकटलेली असते आणि एक्स्ट्रॅक्टर जोर लावून रिम वाकवतो किंवा फाडतो. बुडावरचा तो चकचकीत ओरखडाही याच घाईचा. दाब असतानाच बोल्ट फिरू लागला की इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनेच्या) भोकात किंचित दाबलं गेलेलं पितळ खरवडलं जातं. खरंच काडतुसात दाब जास्त असता तर प्रायमरही (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा दिसला असता. इथे प्रायमरच्या कडा गोल आणि शाबूत होत्या. काडतूस निर्दोष होतं.

आणि रिकामं चेंबर? इथेच बहुतेक जण फसतात. बोल्ट पुढच्या काडतुसावरून जाण्याची कारणं दोन आहेत आणि दोन्हींचं अंतिम चित्र हुबेहूब सारखं दिसतं. गॅस कमी असेल तर कॅरिअर काडतुसाच्या बुडामागे पोचतच नाही, मध्येच परत फिरतो. गॅस जास्त असेल तर कॅरिअर पूर्ण मागे जातो, बफर नळकांड्याच्या तळाला आपटतो आणि इतक्या वेगाने पुढे येतो की मॅगझिनची स्प्रिंग काडतुसांची रास वर उचलायच्या आत बोल्ट निघून गेलेला असतो. .308 चं एक काडतूस सुमारे 25 ग्रॅम वजनाचं असतं. 20 भरलेल्या मॅगझिनमध्ये जवळपास अर्धा किलो वजन त्या एका स्प्रिंगला झटक्यात वर सरकवायचं असतं. म्हणून .308 मध्ये हा प्रकार लहान 5.56 काडतुसापेक्षा लवकर उघडा पडतो.

दोन्हींत फरक ओळखायचा तर अडकलेल्या रायफलीपेक्षा आधी बाहेर पडलेल्या पुंगळीकडे बघा. या प्रकरणात यशस्वी बारांच्या पुंगळ्या पुढे, घड्याळाच्या 1 वाजण्याच्या दिशेला (नळीचं तोंड म्हणजे 12), चार-पाच मीटर लांब सापडल्या. डिफ्लेक्टरवर (पुंगळी वळवणाऱ्या उंचवट्यावर) पितळेचे जाड डाग होते. चार्जिंग हँडलच्या (बोल्ट हाताने ओढायच्या मुठीच्या) फटीतून गॅस डोळ्यांत येतोय अशी मालकाची जुनी तक्रार होती, ती त्याने सप्रेसरचा स्वभाव म्हणून सोडून दिली होती. कमी गॅसची रायफल असं वागत नाही. तिच्या पुंगळ्या मरगळून 5 वाजण्याच्या दिशेला, पायाजवळ पडतात किंवा बोल्टच्या तोंडात उभ्या अडकतात. 3 ते 4 वाजण्याची दिशा साधारण ठीक मानतात. पण या दिशेवर सगळा भरवसा टाकू नये. इजेक्टरची स्प्रिंग नवी की थकलेली, डिफ्लेक्टरचा कोन कसा, यावरही दिशा बदलते. पुंगळीची दिशा साक्षीदार म्हणून चालेल, निकाल तिच्यावर देता येत नाही.

स्क्रूला हात लावण्याआधी

मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, मगच पुढचं काम. समोरून फिरवायच्या ब्लॉकमध्ये हात नळीच्या तोंडाच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे ही तपासणी प्रत्येक वेळी, दर बदलाआधी करायची. एका काडतुसाच्या चाचणीत रायफल रिकामीच असणार असं वाटतं आणि तिथेच हयगय होते. सप्रेसर तापलेला असतो, जाड हातमोजा जवळ हवा.

फाटक्या रिमची पुंगळी चेंबरमध्येच होती. ती रिकामी आहे हे बुडावरच्या फुटलेल्या प्रायमरवरून पक्कं केलं, सप्रेसर उतरवला आणि नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून हलके ठोकून काढली. आत जिवंत काडतूस असेल तर ही सळई घालायची नाही, ते काम गनस्मिथचं.

मग ट्यूनिंगआड येणारे दोष एकेक बाद केले. गॅस कीचे (कॅरिअरवरचा, ट्यूबमधून गॅस घेणारा भाग) दोन्ही स्क्रू घट्ट होते आणि त्यांच्या कडेला ठोकून केलेल्या खुणा शाबूत होत्या. की सैल असेल तर तिथून गॅस गळतो, आणि गळका गॅस भरून काढायला माणूस ब्लॉक उघडत बसतो. बोल्टच्या गॅस रिंग्ज तपासायला बोल्ट पुढे ओढून कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा केला. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला नाही, म्हणजे रिंग्ज चांगल्या होत्या. ट्यूब कीमध्ये सरळ शिरत होती, घासल्याची खूण नव्हती.

गॅस ब्लॉक सरकला आहे का, हे हँडगार्ड (नळीभोवतीचं आवरण) काढल्याशिवाय कळत नाही. ब्लॉक नळीच्या खांद्याला टेकला आहे की मुद्दाम थोडी फट ठेवायची आहे, हे नळी बनवणाऱ्याच्या सूचनेवरून बघायचं. जुन्या पद्धतीच्या हँडगार्ड कॅपसाठी छिद्र पाडलेल्या नळ्यांवर कॅप नसेल तर सुमारे 0.030 इंचाची फट लागते. ती विसरली तर छिद्र अर्धवट झाकलं जातं. या रायफलीत ब्लॉक जागेवर होता, खालचा सेट स्क्रू नळीवरच्या खोबणीत बसलेला होता. हे सेट स्क्रू पक्के करायला रॉकसेट हा उष्णता सोसणारा चिकट द्रव वापरतात, कारण साधा निळा थ्रेडलॉकर गॅस ब्लॉकच्या उष्णतेत टिकत नाही. ॲडजस्ट करायच्या स्क्रूला मात्र यातलं काहीही लावायचं नाही. काही जण तो 'हलू नये' म्हणून चिकटवतात आणि पुढच्या मोसमात ब्लॉक फेकून देतात.

बफरची स्प्रिंग मूळची परत बसवली. मागवलेली ताठ स्प्रिंग बाजूला ठेवली. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मात्र बदलली, कारण फाटलेल्या रिमने तिला बराच ताण दिला होता आणि तिची किंमत नगण्य असते. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार भिंगाखाली तपासली, तुकडा उडालेला नव्हता. शेवटी मॅगझिन: रिकामं मॅगझिन लावून हाताने बोल्ट पूर्ण मागे ओढल्यावर तो मागे लॉक झाला पाहिजे. हे हातानेच होत नसेल तर पुढची अख्खी चाचणी फुकट. फॉलोअर (मॅगझिनमधली काडतुसं वर उचलणारी पट्टी) किंवा बोल्ट कॅचचा (बोल्ट मागे अडवणारा खटका) दोष गॅसच्या खात्यावर जमा होतो.

चाचणी बंद बाजूने सुरू करायची

चाचणी अशी: एकच काडतूस भरायचं आणि बारानंतर बोल्ट रिकाम्या मॅगझिनवर मागे लॉक होतो का ते बघायचं. बोल्ट मागे लॉक झाला नाही याचंही कारण दोनपैकी कुठलंही असू शकतं. गॅस कमी असेल तर कॅरिअर कॅचपर्यंत पोचत नाही. गॅस फार जास्त असेल तर कॅरिअर इतक्या झपाट्याने येऊन जातो की कॅच वर यायला वेळ मिळत नाही. स्क्रू पूर्ण उघडा ठेवून खाली येत गेलात तर या दोन्हींत गल्लत होते. बंद बाजूने एकेक क्लिक उघडत गेलात तर पहिल्यांदा लॉक झालेली जागा ही कमीत कमी पुरेशी जागाच असते, तिथे दुसरा अर्थ निघत नाही. मालकाची चूक निव्वळ दिशेची होती. त्याला खाली यायचं होतं, तो वर गेला, आणि मधली कुठलीही खूण त्याला थांबवू शकली नाही.

सप्रेसर बसवताना आधी अलाइनमेंट रॉड घालून तो नळीशी सरळ आहे याची खात्री केली. स्क्रू अलगद तळाला टेकवला. 'टेकला' म्हणजे टेकला, तिथून पुढे आवळायचं नाही. पितळी किंवा पोलादी टोक छिद्राच्या बैठकीत रुतलं की मोजणीचा शून्य बदलतो. हा शून्य वहीत लिहिला.

मग शिकारीचीच काडतुसं, 150 ग्रेन सॉफ्ट-पॉइंट. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचं, चेंबरमध्ये घ्यायचं, रायफल खांद्याला नेहमीसारखी धरून मागे मातीचा बांध असलेल्या लक्ष्यावर बार टाकायचा. बाकावर सैल धरलेली रायफल स्वतःच मागे सरकते आणि कॅरिअरचा वेग खाते, म्हणून खांदा महत्त्वाचा.

शून्यावर बोल्ट हलला नाही, पुंगळी चेंबरमध्ये राहिली आणि हाताने काढावी लागली. हे अपेक्षितच होतं, आणि यावरून ब्लॉक खरंच बंद होतो हेही कळलं. सगळे ब्लॉक पूर्ण बंद होत नाहीत. काहींत थोडा गॅस कडेने जातोच आणि शून्यावरही बोल्ट अर्धवट उघडतो. 1 क्लिकवर तेच. 2 वर पुंगळी निघाली पण बाहेर न पडता बोल्टच्या तोंडात उभी अडकली. 3 वर पुंगळी बाहेर पडली, 5 वाजण्याच्या दिशेला, दोन हातांवर, पण बोल्ट लॉक झाला नाही. 4 वर पाच बारांत तीनदा लॉक. 5 क्लिकवर पाचपैकी पाच.

4 क्लिकवरचं 'तीनदा' फार उपयोगी असतं. तिथे रायफल काठावर आहे, आणि काठ कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यापासून किती लांब उभं राहायचं ते ठरत नाही. 5 वर पाचही लॉक झाल्यावर एक क्लिक राखीव म्हणून वर घेतला आणि 6 वर पूर्ण मॅगझिन भरून झपाट्याने बार टाकले. एकही अडकलं नाही. पुंगळ्या साडेतीनच्या सुमाराला, एका ढिगात. डोळ्यांत येणारा गॅस बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही, आणि सप्रेसर असताना तो पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यातला काही भाग ट्यूबमधून न येता बोल्ट उघडल्यावर थेट नळीतूनच मागे येतो, त्याला ब्लॉक काही करू शकत नाही.

तुलनेसाठी सप्रेसर काढून हीच चाचणी पुन्हा केली. उघड्या नळीवर पाचपैकी पाच लॉक 8 क्लिकला मिळाले. म्हणजे जुलैतले 9 क्लिक उघड्या नळीला अगदी योग्य होते. सप्रेसरला लागणारे 5 आणि मिळालेले 9, नंतर 12. हे आकडे याच रायफलीचे, याच ब्लॉकचे. दुसऱ्या ब्लॉकची क्लिक वेगळी, दुसऱ्या नळीचं छिद्र वेगळं, ते उचलून आपल्या रायफलीला लावू नयेत.

थंडी आणि मळ

रेंजवरचा 6 हा दुपारचा आकडा होता, रायफल स्वच्छ होती, तेल ताजं होतं. शिकार रात्री गोठणबिंदूखाली होते. बऱ्याच पावडरी थंडीत मंदावतात, दाब थोडा उतरतो. तेल घट्ट होतं. त्यात कॅरिअरवर कार्बन साचला की घर्षण वाढतं. या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ढकलतात: गॅस कमी पडण्याकडे.

म्हणून चाचणीचा दुसरा भाग. आधी सुमारे शंभर बार न पुसता टाकून रायफल मळू दिली. मग ती आणि काडतुसं दोन्ही रात्रभर बाहेर थंड केली. (रायफल उघड्यावर बेवारस ठेवायची नाही, कुलूपबंद पेटीत, पेटी थंडीत. काडतुसं वेगळी.) काडतुसं गाडीच्या हीटरजवळ ठेवून फक्त रायफल थंड केली तर चाचणी खोटी ठरते. पहाटे 5 क्लिकवर पाचपैकी तीनदाच लॉक झालं, 6 वर पाचपैकी चारदा. 7 वर पाचही. मग 7 वर पूर्ण मॅगझिन निर्धोक गेलं, पुंगळ्या 3 ते साडेतीनला. शेवटची सेटिंग 7.

रेंजवर स्पर्धा करणारे काठालगत राहतात, कारण धक्का जितका मऊ तितकी दुर्बिणीतली खूण कमी हलते. त्यांच्या रायफली रोज पुसलेल्या असतात आणि अडकल्या तर गुण जातात. शिकारीत अडकलेली रायफल म्हणजे जखमी जनावर झुडपात जाणं. दुसरा बार हा बऱ्याचदा पहिल्या बाराची दुरुस्ती असतो, आणि तो मिळालाच पाहिजे. म्हणून शिकारीच्या रायफलीला काठापासून दोन क्लिक, कडाक्याची थंडी असेल तर तीन, लांब ठेवणं हेच आमचं ठाम मत आहे. थोडा जास्त धक्का चालेल.

उलट बाजूचीही खात्री केली. उन्हाळ्यात हेच 7 क्लिक जास्त होतील का? गरम केलेल्या काडतुसांवर मुद्दाम चाचणी करायची नसते, दाबाशी खेळ नको. पण दुपारच्या उन्हात 7 वर टाकलेल्या बारांच्या पुंगळ्या तपासल्या: रिम सरळ, बुडावर ओरखडा नाही, दिशा अडीच ते तीन. म्हणजे वरच्या बाजूलाही जागा आहे. मधली पट्टी एवढी रुंद मिळाली की मोसमागणिक स्क्रू फिरवायची गरज उरत नाही.

वजनदार बफरचा प्रश्न

मालकाचा प्रश्न रास्त होता: गॅस कमी करण्याऐवजी बफर जड घातला असता तर? या रायफलीत आखूड कार्बाइन बफर आहे, साधारण 3.8 औंसांचा, आणि त्याच लांबीचे 5 औंसांवरचे बफर बाजारात मिळतात. जड बफरने कॅरिअर उशिरा हलतो, बोल्ट जरा उशिरा उघडतो, वेग कमी होतो. जिथे गॅस ब्लॉक स्थिर आहे, तिथे हाच पहिला उपाय. पण जास्तीचा गॅस तसाच आत येत राहतो, कार्बन तेवढाच साचतो, ट्यूब आणि बोल्ट तेवढेच तापतात. ब्लॉक ॲडजस्टेबल असेल तर आधी गॅस, मग गरज उरली तर बफर. बफर बदलला की वरची सगळी चाचणी शून्यापासून पुन्हा करावी लागते. इथे गरज उरली नाही. बफर बदलताना त्याची लांबी मात्र तपासावी. एआर-10 मध्ये बफर ट्यूबच्या दोन परंपरा आहेत आणि चुकीच्या लांबीचा बफर घातला तर कॅरिअर मागे रिसीव्हरला आपटतो किंवा कॅचपर्यंत पोचतच नाही.

स्क्रू जिवंत ठेवणं

गॅस अडवणाऱ्या ब्लॉकमध्ये स्क्रूचं टोक थेट जळत्या गॅसच्या वाटेत असतं. कार्बन आट्यांमध्ये शिरतो आणि काहीशे बारांत स्क्रू असा जाम होतो की ॲलन कीच्या कडा गोल होतात. जास्तीचा गॅस बाहेर सोडणारे, ब्लीड पद्धतीचेही ब्लॉक असतात. त्यांत आत येणारा गॅस कमी होतो आणि स्क्रू जरा जास्त काळ मोकळा राहतो, पण सुटणारा गॅस हँडगार्डखाली गरम झोत टाकतो. तिथे वायर किंवा टॉर्चचं बटण असेल तर ते जळतं.

या रायफलीसाठी ठरवलेली पद्धत: दर साफसफाईला स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग स्क्रू शून्यापर्यंत अलगद बंद, पूर्ण उघडा, पुन्हा शून्य आणि तिथून 7 क्लिक मोजून. 'आत्ता कुठे आहे' यावर कधीच विसंबायचं नाही, मोजणी नेहमी शून्यापासून. 7 ची जागा ब्लॉकवर उष्णता सोसणाऱ्या रंगाच्या बारीक ठिपक्याने दाखवली, आणि दस्त्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: सप्रेसरसह 7, उघडी नळी 9, काडतूस 150 ग्रेन. क्लिक जाणवणं कमी झालं तर आतली, क्लिक देणारी डिटेंट स्प्रिंग थकली आहे असं समजायचं. अशा वेळी स्क्रू बारागणिक आपोआप सरकतो आणि रायफल हळूहळू बिघडते, जे ओळखायला सर्वांत कठीण.

शून्य किती वेळा तपासायचा हा मुद्दाही बोलला गेला. छिद्र काळाबरोबर गॅसने झिजून मोठं होतं, म्हणजे तेच 7 क्लिक काही हजार बारांनंतर जास्त गॅस देतील. या रायफलीचा वर्षाचा वापर पाहता दर मोसमाआधी एकदा पाच काडतुसांची लॉक चाचणी पुरेशी आहे. काडतूस बदललं, वजन तेच राहून पावडर किंवा लॉट बदलला, किंवा दुसरा सप्रेसर लावला, तर मात्र पूर्ण चाचणी. सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) काडतुसं या सेटिंगवर रायफल फिरवणार नाहीत, आणि .308 मध्ये त्यांच्यासाठी गॅस जुळवत बसण्यात अर्थ नाही. ती एकेक करून हाताने भरायची.

नेम शेवटी बसवला. सप्रेसर लावल्याने गोळी पडायची जागा सरकते, आणि जुलैचा नेम उघड्या नळीवरचा होता. 7 क्लिकवर, शिकारीच्या काडतुसांनी, थंड नळीवरून, 100 यार्डांवर तीन-तीन बारांचे गट घेऊन दुर्बीण जुळवली. हँडगार्ड परत बसवल्यावर तो गॅस ब्लॉकला कुठे टेकत नाही ना, हे मध्ये कागदाची पट्टी फिरवून पाहिलं. टेकत असेल तर नळी तापल्यावर गट उघडत जातो आणि दोष पुन्हा गॅसवर ढकलला जातो. पट्टी सगळीकडून मोकळी फिरली.